जुनी सीजे-३बी जीप: मागच्या डिफरन्शिअलमध्ये ५.३८ ऐवजी कोणता गिअर बसवावा?

कृष्णाकाठ

माझ्याकडे वडिलांच्या काळापासून घरात असलेली महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. इंजिन मूळचे, म्हणजे हरिकेन पेट्रोल, २१९९ सीसी. गिअरबॉक्स तीन गिअरचा टी-९०, मागे डाना ४४ आणि पुढे डाना २५ ॲक्सल, टायर ६.००-१६. आमचे गाव वाईजवळ आहे. शेतावर जाणे-येणे आणि महिन्यातून एक-दोनदा पुण्याची फेरी असा तिचा वापर आहे.

गेल्या महिन्यात मागच्या डिफरन्शिअलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअर-पेटीच्या) पिनियनपाशी, म्हणजे शाफ्टकडून जोर घेणाऱ्या लहान दातेरी चाकापाशी, सीलमधून तेल गळत असल्याचे लक्षात आले, म्हणून मागचे कव्हर उघडले. तेल बरेच उतरलेले होते, पिनियनचे आतले बेअरिंग खरखरत होते आणि क्राऊनच्या, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चक्राच्या, सात-आठ दातांवर खड्डे पडलेले दिसले. क्राऊन-पिनियन नवीन घेण्यावाचून आता गत्यंतर नाही. नवीन घ्यायचेच आहे, तर मूळच्या ५.३८ ऐवजी (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) थोडा लांब, म्हणजे कमी आकड्याचा, गिअर घ्यावा का, असा विचार मनात आला. महामार्गावर सत्तरच्या पुढे गेले की इंजिन इतके ओरडते की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, आणि तासभर तसे चालवल्यावर इंजिनावर अत्याचार करतो आहोत असे वाटत राहते.

आमचे मिस्त्री म्हणतात की ४.२७ चा जोड सहज मिळेल आणि जीप गाडीसारखी पळेल. डिझेल इंजिन किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स मला बसवायचा नाही. जीप आहे तशीच राहावी आणि फक्त हा एक बदल करावा, अशी इच्छा आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया या धाग्यावर आपल्या टोपणनावाखाली अनुभव सांगावा.

आकडेमोड

आपण टायरचा घेर २.२ मीटर धरू. ६.००-१६ टायर भाराखाली थोडा दबतो, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षाच्या जवळचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वर मिनिटाला सुमारे ३२६० फेरे घेते, ४.८८ वर २९६० आणि ४.२७ वर २५९०. या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १११ मिलिमीटर, म्हणजे बराच लांब आहे. त्यामुळे ३२६० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो, ४.८८ वर तो ११ च्या किंचित खाली येतो आणि ४.२७ वर ९.६. आपल्या कानाला जो अत्याचार वाटतो त्याचे मूळ या लांब स्ट्रोकमध्ये आहे. महामार्गापुरते पाहिले तर ४.२७ मोहात पाडणारा आहे, यात शंका नाही.

आता चढ पाहू. या इंजिनाचा नवा असतानाचा टॉर्क २००० फेऱ्यांना ११४ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १५४ न्यूटन-मीटर होता. पाच माणसे आणि सामान धरून जीपचे वजन १४५० किलो मानले आणि दहास एक असा चढ घेतला, तर वर चढण्यासाठी आणि टायरच्या घर्षणासाठी मिळून चाकांवर सुमारे १७०० न्यूटन रेटा लागतो. गिअर आणि बेअरिंगच्या घर्षणात बारा टक्के गेले असे धरले, तर टॉप गिअरमध्ये ५.३८ वर २०८० न्यूटन मिळतात, ४.८८ वर १८९० आणि ४.२७ वर १६५०. म्हणजे ५.३८ वर जो चढ टॉपमध्ये निघतो, तो ४.२७ वर नव्या इंजिनालाही निघणार नाही, आणि आपले इंजिन नवे नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ अर्थातच निघेल, परंतु टी-९० मध्ये दुसरा १.५५१ आणि तिसरा १.०० असे अंतर आहे. दुसरा टाकताच इंजिनाचे फेरे दीडपटीहून जास्त होतात. चार किंवा पाच गिअर असते तर मधली पायरी मिळाली असती. येथे ती नाही. म्हणून तीन गिअरच्या गाडीत मागचा गिअर निवडताना सपाटीवरचा सर्वांत मोठा वेग पाहण्याऐवजी, नेहमीच्या वाटेवरचा कोणता चढ टॉपमध्ये काढायचा आहे, हे आधी ठरवावे असे माझे मत आहे.

कुंभार्ली

मी चिपळूणच्या बाजूचा शेतकरी आहे आणि माझी जीप वर्षातले चार महिने चिखलात असते. आकड्यांमध्ये मला फार गती नाही, पण एक गोष्ट अनुभवाने सांगतो. केवळ मागचा गिअर बदलला आणि पुढचा ५.३८ तसाच ठेवला, तर चारही चाकांचा गिअर पुन्हा कधीही टाकता येणार नाही.

या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणाऱ्या पेटीत) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडला जातो. मधे दोन्हींना वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल नसतो. दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात, आणि दोन ॲक्सलचे गिअर वेगळे असले तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ असले तर पुढची चाके मागच्यांपेक्षा वीस टक्क्यांहून हळू फिरतील. कोरड्या जमिनीवर शंभर पावले जाण्याआधीच सगळा ताण गिअर आणि जॉइंटमध्ये साठतो, आणि जे सर्वांत कमकुवत असेल ते तुटते.

मी सेकंडहँड घेतलेल्या जीपमध्ये आधीच्या मालकाने हेच करून ठेवले होते आणि मला त्याची कल्पना दिली नव्हती. पहिल्याच पावसात भाताच्या खाचरातून बाहेर पडताना पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटला आणि शाफ्टने ट्रान्सफर केसच्या कडेला मार दिला. जॉइंट स्वस्त असतो, परंतु फुटलेले हाऊसिंग शोधण्यात माझा अख्खा हंगाम गेला.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. चारही चाकांचा गिअर मला वर्षातून फार तर दोन-तीन वेळा लागतो, ओढ्याच्या पलीकडच्या रानात ट्रॉली अडकली तर. पुढचा शाफ्ट काढून ठेवला आणि जीप फक्त मागच्या चाकांवर चालवली, तर चालेल का? तसे केले तर पुढच्या जोडाचा खर्च वाचतो.

दातेरी

मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे ॲक्सलच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पुढचा शाफ्ट काढण्याचा विचार सोडून द्यावा. मूळ रचनेत या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये असा अटकाव ठेवलेला आहे की पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो गिअर (हळू, पण जास्त जोराचा) पडत नाही, आणि तो योग्य कारणासाठी आहे. लो मध्ये टॉर्क २.४६ पट होतो. तो सगळा एकट्या मागच्या ॲक्सलवर आला तर मागचे हाफ शाफ्ट (प्रत्येक चाकापर्यंत जाणारे दांडे) टिकत नाहीत. आपल्या जीपमध्ये शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते आहे आणि त्यावर चावीने हब बसवलेला आहे. हे शाफ्ट तुटतात ते बहुधा त्या चावीच्या खाचेपाशीच.

आता ज्या गोष्टी गिअर बदलण्याच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही, त्या सांगतो. सीजे-३बी चा हँडब्रेक चाकांवर नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर आहे. म्हणजे हँडब्रेकची पकड क्राऊन-पिनियनमधून गुणली जाऊन चाकांपर्यंत पोचते. ५.३८ चा ४.२७ केला की त्याच ड्रमची, त्याच लायनिंगची पकड चाकांवर एकपंचमांश कमी होते. पसरणी घाटात वळणावर जीप उभी करून खाली उतरणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवले पाहिजे. उतरतानाही हेच होते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जीपला जे धरून ठेवते ती धरही त्याच प्रमाणात सैल पडते, आणि मग सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. या जीपचे मूळ ड्रम नऊ इंचाचे आहेत आणि त्यांना बूस्टर नाही. गिअर बदलण्याआधी ब्रेकची स्थिती पाहून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरी गोष्ट स्पीडोमीटरची. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे मागे काय बदलले हे त्याला कळत नाही. ४.८८ बसवला तर काटा साठ दाखवत असताना जीप सहासष्टने जात असेल, आणि ४.२७ वर जवळजवळ शहात्तरने. सुरुवातीला ही चूक जाणवत नाही, कारण इंजिनाचा आवाज जुन्याच वेगाचा असतो.

माझा सल्ला दोन्ही ॲक्सलना ४.८८ बसवण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला ४.८८ चाच गिअर होता, तोही साठ अश्वशक्तीच्या इंजिनावर आणि याच मापाच्या टायरवर. १९४५ मध्ये कंपनीने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली, तेव्हा नांगर ओढण्यासाठी आणि शेतीच्या यंत्रांसाठी तो ५.३८ केला, आणि पुढे सीजे-३बी पर्यंत तोच चालत आला. आपली जीप नांगर ओढत नाही. एमबीचा गिअर तिला दिला तर तो परका ठरणार नाही.

सामानाबद्दल एक सोय अशी की डाना ४४ मध्ये ५.३८, ४.८८ आणि ४.२७ हे तिन्ही एकाच जातीच्या केसवर (क्राऊन ज्यावर बोल्टने आवळतात त्या भागावर) बसतात. ३.७३ किंवा त्याहून लांब गिअर घेतला तर मात्र केस वेगळी लागते, कारण पिनियनचे डोके मोठे होते आणि क्राऊनची जाडी बदलते. दुकानदार जे सांगतो त्यावर विसंबू नये. क्राऊनचे दात मोजावेत, पिनियनचे दात मोजावेत आणि भागाकार करावा. मागच्या जोडासाठी ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८ आणि ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर एकच जोड-क्रमांक असतो. तो जुळत नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो माल घेऊ नये.

टोलेडोकडून

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो, आणि ज्या टोलेडो शहरात मूळची सीजे-३बी तयार होत असे ते येथून दीड तासावर आहे. माझ्याकडेही एक सीजे-३बी आहे. वरील चर्चेत एका पर्यायाचा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहितो.

या जीपच्या ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला पीटीओसाठी (शेतीची यंत्रे चालवायला जोर बाहेर घेण्याच्या जोडणीसाठी) एक तोंड आहे. तेथे बसणारा ओव्हरड्राइव्ह पूर्वी वॉर्न कंपनी बनवत असे. नंतर तशाच रचनेचा सॅटर्न नावाने मिळू लागला. त्याने इंजिनाचे फेरे पंचवीस टक्के कमी होतात आणि तो पाहिजे तेव्हा काढता-घालता येतो. तो ट्रान्सफर केसच्या आधी काम करत असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक पडत नाही, हँडब्रेकची पकड जशीच्या तशी राहते आणि स्पीडोमीटरही खरे बोलतो. शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह घातला की दुसरा आणि तिसरा यांच्यामधली हरवलेली पायरी सापडते. १.५५१ चा पाऊण म्हणजे सुमारे १.१६, आणि घाटात हा आकडा फार उपयोगी पडतो.

मी स्वतः हाच मार्ग घेतला. त्याच्या मर्यादाही सांगतो. भारतात तो मागवायचा तर किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून पुढच्या-मागच्या दोन्ही जोडांपेक्षा बराच महाग पडेल. त्याचा स्वतःचा बारीक आवाज असतो आणि तेलाची पातळी थोडी जरी उतरली तरी त्याचे बुश आधी जातात.

आकडेमोड

१.१६ ची पायरी माझ्या ध्यानात आली नव्हती. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत चांगला उपाय आहे. पण धागाकर्त्यांना क्राऊन-पिनियन नाहीतरी बदलायचेच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा ठरतो.

सह्यवारा

मला दोन शंका आहेत. टायर ७.००-१६ घातले तर गिअर न बदलताच काही फरक पडेल का? आणि मागचे डिफरन्शिअल उघडलेच आहे, तर त्यात लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसते फिरत राहू न देणारा डिफरन्शिअल) बसवून घ्यावा का?

दातेरी

७.००-१६ ने साडेसहा-सात टक्के फरक पडतो, म्हणजे ५.३८ चा परिणाम ५.०५ च्या आसपास होतो. त्यासाठी स्टिअरिंग जड करून घ्यावे असे मला वाटत नाही, आणि पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगला घासतो.

लिमिटेड स्लिप शेतात उत्तम काम करतो. पण या जीपचा व्हीलबेस अवघा ८० इंच आहे. पावसाळ्यात ओल्या घाटात, रिकाम्या जीपला वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला, तर मागची दोन्ही चाके एकदम सुटतात आणि शेपूट बाहेर जाते. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक फिरते, पण दुसरे जमीन धरून ठेवते. रस्त्यावरच्या जीपसाठी मी साधाच ठेवीन.

जुनेलोखंड

मी ४.८८ बसवला आणि पस्तावलो, म्हणून लिहितो. गिअरचा त्यात दोष नव्हता. ज्या गॅरेजमध्ये काम दिले, तेथे जुन्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) होत्या तशाच नव्या पिनियनमागे घालून नट आवळून दिला. पहिल्याच दिवशी ताशी पन्नासच्या पुढे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. नवीन आहे, दात बसतील, असे मला सांगण्यात आले. तीन हजार किलोमीटरनंतर तेल काढले तेव्हा त्यात चकाकणारे तुकडे होते. पिनियनच्या दातांचा तळ खाल्ला गेला होता. पैसे गेले, आणि जोड पुन्हा मिळवायला सात महिने लागले. बसवणाऱ्याकडे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे साधन) आहे की नाही, एवढा एक प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

दातेरी

हे वाचून वाईट वाटले, कारण ते टाळण्यासारखे होते. नव्या जोडाला ‘दात बसतील’ हे कधीही खरे नसते. आवाज पहिल्या दिवशी आहे तर तो मापाचा दोष आहे, आणि तो वाढतच जातो. म्हणून काम कसे व्हावे ते सविस्तर लिहितो. ज्यांचे मिस्त्री हे काम करणार आहेत त्यांनी शेजारी उभे राहून पाहावे.

पहिली बाब पिनियनच्या खोलीची. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर बसावे हे प्रत्येक जोडाचे थोडे वेगळे असते, आणि तो फरक पिनियनच्या डोक्यावर उणे किंवा अधिक चिन्हासह इंचाच्या हजाराव्या भागात कोरलेला असतो. जुन्यावर अधिक १ आणि नव्यावर उणे २ असेल, तर आतल्या बेअरिंगच्या कपमागे तीन हजारांश इंचाची, म्हणजे ०.०७६ मिलिमीटरची शिम वाढवून सुरुवात करावी. ही केवळ सुरुवात असते. बेअरिंग बदलली की त्यांच्या जाडीतला फरकही त्यात मिसळतो. म्हणून अंतिम निर्णय दातांवर उमटणाऱ्या ठशावरच घ्यावा.

दुसरी बाब प्रीलोडची, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेल्या दाबाची. या जुन्या डाना ४४ मध्ये दाबून चपटी होणारी स्लीव्ह नाही. बाहेरच्या बेअरिंगपाशी शिम असतात, आणि ही मोठी सोय आहे, कारण नट पूर्ण आवळूनही पुन्हा खोलता येतो. नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळावा. मग सील आणि क्राऊन न बसवता, पिनियन सलग फिरवण्यासाठी २३ ते ४६ किलोग्रॅम-सेंटिमीटर जोर लागला पाहिजे, तोही बेअरिंग नवीन असताना. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फ्लँजवर दोरी गुंडाळावी, ताणकाट्याने हळूहळू ओढावी आणि काट्यावरचे किलो फ्लँजच्या त्रिज्येने गुणावेत. पहिला झटका मोजू नये, फिरत असतानाचा आकडा घ्यावा. जास्त आला तर शिम वाढवावी, कमी आला तर काढावी.

तिसरी बाब बॅकलॅशची, म्हणजे दोन चाकांच्या दातांमधल्या मोकळ्या फटीची. क्राऊन केसवर बसवताना दोन्हींच्या बसणाऱ्या कडा तेलाच्या दगडाने हलकेच साफ कराव्यात, कारण केसाएवढी कड राहिली तरी क्राऊन लचकत फिरतो. हे लचकणे ०.१५ मिलिमीटरहून जास्त असू नये. बोल्ट नवीन वापरावेत. बाजूच्या बेअरिंगमागच्या शिम इकडून तिकडे हलवून बॅकलॅश ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर ठेवावा आणि तो एका जागी न मोजता चार जागी मोजावा. केस आत बसवताना हाऊसिंग स्प्रेडरने किंचित फाकवावे लागते. पहारीने ठोकून केस बसवणाऱ्या माणसाकडून जीप तशीच परत घेऊन यावी.

शेवटी ठसा. क्राऊनच्या सात-आठ दातांना तेलात कालवलेला शेंदूर किंवा मार्किंग ब्ल्यू लावावा, एकाने क्राऊनला लाकडाने हलका रेटा देऊन धरावा आणि दुसऱ्याने पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावे. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध, लांबीत मध्यापासून थोडा आतल्या टोकाकडे यावा. तो तळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, शिम काढावी. माथ्यावर उमटला तर पिनियन बाहेर आहे, शिम घालावी. प्रत्येक वेळी बेअरिंगचा कप काढून पुन्हा बसवावा लागतो, त्यामुळे काम कंटाळवाणे होते. चांगला मिस्त्रीसुद्धा तीन-चार वेळा उघडझाक करतो. एका दमात झाले असे कोणी सांगितले तर ठसा पाहायला मागावा.

तेलाबद्दल एक सूचना. डिफरन्शिअलमध्ये हायपॉइड गिअर (दात एकमेकांवर घसरत फिरणारे) आहेत, त्यामुळे तेथे जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेलच हवे. तेच तेल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही जीएल-५ तेलांतली द्रव्ये गिअरबॉक्समधले पितळी सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात, आणि या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे तेल एकमेकांत जात असते. तेथे जीएल-४ घालावे.

कृष्णाकाठ

पाच महिन्यांनी धागा वर आणतो आहे.

आपणा सर्वांच्या सल्ल्याने पुढे आणि मागे ४.८८ बसवला. मागचा जोड लवकर मिळाला, पुढच्यासाठी दोन महिने थांबलो आणि तोपर्यंत जीप ठोकळ्यांवर उभी ठेवली. दुकानात पहिल्यांदा जो ‘४.८८’ दाखवला, त्याचे दात मोजले तर ४३ आणि ८ निघाले. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. खोक्यावरचा कागदच चुकीचा होता. पण दात मोजण्याचा सल्ला नसता तर पैसे घालून पुन्हा ५.३८ च बसला असता.

बसवण्याचे काम आमच्याच मिस्त्रींनी केले. डायल गेज मी आणून दिला. मागचा ॲक्सल चौथ्या वेळी जमला. पहिला ठसा तळाशी होता, दुसरा माथ्यावर, तिसरा ठीक होता पण त्या वेळी प्रीलोड ५५ वर गेला होता. शेवटी प्रीलोड ३४ आणि बॅकलॅश चार जागी ०.१६ ते ०.१९ राहिला. मिस्त्री सुरुवातीला नाराज होते. दुसऱ्या ठशानंतर मात्र तेच मला थांबायला सांगू लागले. त्यांच्या हातात चाळीस वर्षांचे कसब होते, फक्त मोजायचे साधन त्यांना कोणी दिले नव्हते.

पहिल्या दिवशी वीस मिनिटे चालवून जीप पूर्ण थंड होऊ दिली, असे तीनदा केले. आठशे किलोमीटर पन्नासच्या आत ठेवली आणि मग तेल बदलले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, कण बोटाला लागला नाही.

आता चालण्याबद्दल. इंजिनाची जी गती पूर्वी सत्तरला असह्य वाटत असे, ती आता खऱ्या सत्त्याहत्तरला येते. मी सत्तरनेच जातो आणि शेजारच्या माणसाशी बोलता येते. खंबाटकीचा घाट दोन माणसांत पूर्वीसारखाच निघतो. पसरणी घाटात पाच माणसे असताना दोन ठिकाणी पूर्वी टॉपमध्ये निघायची ती आता दुसऱ्यावर घ्यावी लागते. आकडेमोड यांचा हिशेब तेथे अगदी तंतोतंत लागू पडला, ४.२७ घेतला असता तर तो अख्खा घाट दुसऱ्यावरच काढावा लागला असता. चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच किंचित जास्त सोसतो, हेही नमूद करतो.

हँडब्रेकची लायनिंग नवीन घातली आणि पसरणीत भरलेली जीप उभी करून पाहिली. धरते, पण लिव्हर पूर्वीपेक्षा दोन दात जास्त ओढावा लागतो. दगड लावण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावली आहे. स्पीडोमीटरच्या काचेवर आतून साठच्या जागी सहासष्टची छोटी खूण केली आहे, कारण जीप माझा मुलगाही चालवतो. ब्रेकची व्हील सिलिंडर आणि लायनिंग या निमित्ताने बदलून घेतली.

एक उणीव राहिली आहे. पंचावन्न ते साठच्या दरम्यान पाय काढला की बारीक आवाज येतो, जोर दिला की थांबतो.

दातेरी

पाय काढल्यावरच येतो, म्हणजे दाताच्या उलट बाजूचा ठसा थोडा सरकलेला असणार. आपला सुलट बाजूचा ठसा मध्यावर आहे आणि चुंबकावर कण नाहीत, त्यामुळे आत्ता उघडू नये. पाच हजार किलोमीटरनंतर पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहावा आणि बॅकलॅश पुन्हा मोजावा. आवाज जोर देतानाही येऊ लागला तर मात्र लगेच उघडावा.

कुंभार्ली

आपला पुढचा जुना ५.३८ चा जोड चांगला असेल आणि द्यायचा असेल तर मला हवा आहे. माझ्या पुढच्या पिनियनचे दात आता झिजत आले आहेत, आणि मला गिअर बदलायचा नाही.

कृष्णाकाठ

अवश्य या. पुढचा जोड जवळजवळ न वापरलेलाच आहे, दातांवर ओरखडाही नाही. क्राऊन आणि पिनियनचा जोड-क्रमांक जुळतो, दोन्ही ग्रीस लावून एकाच तारेने बांधून ठेवले आहेत. पिनियनच्या डोक्यावर उणे १ कोरलेले आहे. येताना आपल्या पिनियनवरचा आकडा वाचून या. शिम मात्र देत नाही, त्या माझ्या हाऊसिंगच्या मापाच्या होत्या. डायल गेज हवा असेल तर तोही घेऊन जा आणि काम झाले की परत करा.